तिसऱ्या आखाजीचा हात

मुंबईहून आलेलं लांबट पाकीट पितांबरनं न फोडताच कुंदाच्या पुढ्यात ठेवलं. घरात इंग्रजी वाचणारी ती एकटीच. इंटरपर्यंत शिकलेली सून आणली तेव्हा भावकीतल्या बायकांनी टवाळी केली होती, की हिला चूल काय इंग्रजीत फुंकायची आहे? आता त्याच बायका तार आली की पदराखाली झाकून तिच्याकडे घेऊन यायच्या.

मांडीवर दीड महिन्याचं बाळ होतं. त्याचं डोकं कोपरात सावरून तिनं कागद उलगडला आणि मनातल्या मनात दोनदा वाचला. पितांबर चौकटीला हात लावून उभा होता. मागच्या पडवीत सासूबाई, धुरपदाबाई, ज्यांना सगळी आळी अक्का म्हणायची, पितळी ताटावरची काजळी शिंपल्यानं खरवडत होत्या. तो खर्र खर्र आवाज तेवढा येत होता.

"काय म्हणतात?" त्यानं विचारलं.

"विचारतात, तीन हातांपैकी कुठला."

तो चौकट सोडून खाली बसला आणि पायातलं कुरूप चाचपत राहिला.

पत्र साधं होतं, व्यापारी चिन्हं नोंदवणाऱ्या सरकारी कचेरीचं होतं. अर्जदारांनी काजळाच्या डबीसाठी लहान मुलाच्या उजव्या तळहाताचा ठसा हे चिन्ह नोंदवायला मागितलं आहे. वापराचा पुरावा म्हणून सन त्रेपन्न, चौपन्न आणि पंचावन्न या तीन सालांची लेबलं जोडली आहेत. परंतु तिन्हींवरचे ठसे सारखे नाहीत. आकार निराळा, बोटांची ठेवण निराळी. तरी यांतलं चिन्ह नेमकं कोणतं, ते अर्जदारांनी कळवावं.

सारखे कसे असतील? तिन्ही हात मुक्ताचे होते. पहिला पाच महिन्यांची असतानाचा, दुसरा दीड वर्षाची असतानाचा, तिसरा अडीच वर्षांची होत आली तेव्हाचा. चौथा नव्हता.

काजळ अक्कांचं. रावेरकडच्या माहेराहून त्या ती कला घेऊन आल्या होत्या. एरंडेल तेलाच्या पणत्यांची रांग, त्यांच्यावर पालथी ताटं, मग ती काजळी लोण्यात घोटायची, चिमूटभर भीमसेनी कापूर घालायचा. आधी आळीतल्या बाळंतिणींना फुकट जायचं. मुक्ता जन्मली त्या वर्षी पितांबरनं पत्र्याच्या डब्या आणल्या आणि धंदा मांडला. डबीवर काय छापायचं, असं छापखानेवाल्यानं विचारलं तेव्हा अक्कांनी उत्तर तयार ठेवलं होतं. त्यांच्या माहेरी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नव्या काजळाचं पहिलं बोट घरातल्या सगळ्यांत धाकट्या लेकराच्या तळहाताला लावत आणि तो हात भिंतीवर उठवत. घरचं काजळ, घरच्या धाकट्याचा हात. भिंतीऐवजी कागद, इतकंच.

म्हणून मग दरसाल आखाजीला मुक्ताचा हात काजळात बुडवून कागदावर उठवला जायचा, छापखान्यात त्याचा जस्ताचा ठसा बनायचा, आणि वर्षभर तोच लेबलावर चालायचा. पुढच्या आखाजीला नवा हात, नवा ठसा. पोर वाढायची तसं लेबल वाढायचं. कोणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट गिऱ्हाइकं कौतुकानं म्हणायची, हातवाल्या काजळाची पोर यंदा मोठी झाली हो.

तिसऱ्या आखाजीला मुक्तानं कोणाला हात धरू दिला नव्हता. झोक्यावरून उतरली, डाव्या हातात अर्धी सांजोरी, आणि उजवा स्वतःच ताटात थापून कागदावर दाबला. करंगळीचं टोक उठलंच नाही. अंगठ्याखाली थोडं फरफटलं. दुसरा कागद घेऊ म्हटलं तर ती "झाला माझा" म्हणून पुन्हा झोक्यावर जाऊन बसली होती.

पोळ्याच्या आधल्या आठवड्यात ती गेली. घटसर्प. घशात पांढरं दिसलं तेव्हा कुंदाला वाटलं, दुधाची साय चिकटली असेल. कॉलेजात आरोग्याच्या पुस्तकात तिनं त्या पांढऱ्या पडद्याचं चित्र पाहिलं होतं, परीक्षेत त्यावर प्रश्नही सोडवला होता. पूर्ण एक दिवस ती साय आहे असं समजत राहिली. हे तिनं कोणालाही सांगितलं नव्हतं. आता रोज संध्याकाळी दिवा जवळ घेऊन ती बाळाचं तोंड उघडून घसा बघायची, आणि बाळ रडलं की अक्का आतून म्हणायच्या, नको गं त्याला छळू.

त्यानंतर अडीच-तीन महिने घरात पणत्या लागल्या नाहीत. धुळ्याला त्यांचा माल विकणारा रुपचंद होता. पाचव्या गल्लीत त्याचं कटलरीचं दुकान, आणि साक्रीच्या आठवडी बाजारात त्याची पथारी. त्याला पितांबरनं एक कार्ड टाकलं, की घरात अडचण आहे, माल येणार नाही. अडचण कोणती ते लिहिलं नाही. धंद्यातल्या माणसाला पोरीचं मरण काय कळवायचं, असं त्याला तेव्हा वाटलं. आणि कार्तिकात अक्कांची भाची साक्रीहून आली, तिनं कुंदाला दिवस गेलेत म्हणून येणाऱ्या बाळासाठी कौतुकानं काजळाची डबी आणली.

डबीवर मुक्ताचा हात होता. करंगळीचं टोक नसलेला. आत काजळ मात्र परकं होतं. त्याला रॉकेलचा वास येत होता.

वासानं पितांबर पेटला. हातानं कुंदा. त्याच आठवड्यात तो वकिलाकडे गेला आणि अर्ज मुंबईला रवाना झाला.

आता हे पत्र. दुसऱ्या दिवशी दोघं बाळाला घेऊन जळगावातल्याच नव्या पेठेत अभिमन नानांकडे गेली. नाना म्हणजेच ते वकील, पितांबरच्या वडिलांचे मित्र, कापडदुकानाच्या माडीवर त्यांची कचेरी. बोलणं मोकळं, पान सतत तोंडात. त्यांनी तिन्ही लेबलं टेबलावर ओळीनं मांडली, पत्र वाचलं आणि हसले. मग कुंदाचा चेहरा बघून हसू आवरलं.

"सरकारला तुमचं काजळ कसं आहे याच्याशी कर्तव्य नाही," ते म्हणाले. "त्याला एवढंच कळतं, की बाजारात बाई डबी उचलते तेव्हा ती कशावरून ओळखते. ते जे काही असेल ते एक पाहिजे, आणि उद्याही तेच पाहिजे. तुमच्या घरी दरसाल नवा हात. पोर वाढतं, पितांबर. चिन्ह वाढत नाही."

पितांबरनं विचारलं, की नोंदच केली नाही तर रुपचंदला थांबवता येणार नाही का. येईल, नाना म्हणाले, दावा लावता येतो. पण मग कोर्टात उभं राहून आपणच सगळं शाबीत करायचं. हा हात लोक आपलाच म्हणून ओळखतात, रुपचंदच्या डबीनं ते फसले, आपलं नुकसान झालं. साक्रीच्या बाजारातल्या बाया साक्षीला आणायच्या, त्यांचं भाडं आपण द्यायचं, आणि निकाल लागेतो रुपचंद निम्मं आयुष्य विकत राहायचा. नोंद असली म्हणजे कागद पुढे करायचा. हात आमचा, काजळासाठी तो लावायचा हक्क आमचा एकट्याचा, आता तू बोल. पहिली नोंद सात वर्षांची, पुढे फी भरत राहिलं की हयातभर, हयातीनंतरही. मात्र काजळापुरती. उद्या कोणी बिस्किटांवर हात छापला तर ते वेगळं प्रकरण. मुंबईची कचेरी आधी तपासते, तिच्या मनास आलं म्हणजे आपल्या जर्नलमध्ये ते चित्र छापते आणि चार महिने वाट बघते. त्या मुदतीत कोणीही हरकत घेऊ शकतं.

"रुपचंदपाशी जो आहे तोच नोंदवू," पितांबर म्हणाला. "तिसरा. म्हणजे त्याचे हात बांधले जातील."

कुंदा टेबलाजवळ सरकली होती. तिसऱ्या लेबलावर तिनं बाळाच्या दुपट्याचं टोक ओढलं होतं, जणू त्याला ऊन लागेल.

"नाना," ती म्हणाली, "नोंदवायचा आणि वापरायचा नाही, असं चालतं का?"

नानांना कळलं नाही.

"म्हणजे हात आपल्या नावावर राहील. दुसरं कोणी लावणार नाही. आणि आपणही लावायचा नाही."

नानांनी चष्मा काढला. खिडकीपाशी जाऊन पिंक टाकून आले. "सूनबाई, हे दागिन्यासारखं नाही, पेटीत ठेवला तरी आपला," ते म्हणाले. "पाच वर्षं बाजारात दिसला नाही तर कोणीही अर्ज करून तो पुस्तकातून काढायला लावतो. कायदा बाजारातल्या वस्तूला राखतो. घरातल्याला नाही."

परतताना पितांबर टांग्यात म्हणाला, की तुला नको असेल तर सांग. तिनं सांगितलं नाही. तिला रुपचंदच्या डबीवर तो हात नको होता, हे खरं. आणि तो थांबवायचा तर आपल्या डबीवर कायमचा ठेवायचा, हेही आता खरं झालं होतं. यातलं एक कुठलं धरायचं ते तिला कळेना. मेहरूणच्या तळ्यावरून वारा येत होता, म्हणून तिनं बाळाचे कान झाकून घेतले.

घरी अक्कांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा हिशेब सरळ होता. आखाजी पंधरा दिवसांवर आली, बाळ घरातलं धाकटं, यंदा बाळाचा हात. मुंबईला तसं लिहून टाका. पितांबर समजावू लागला, की आता दरसाल हात बदलता येणार नाही, जो लिहू तो कायम. मग तर बाळाचाच लिहा, अक्का म्हणाल्या. त्याचा हात काय चोरीचा आहे?

पितांबर बाहेर गेल्यावर त्या कुंदाजवळ येऊन बसल्या. हात काजळीनं काळे होते म्हणून बाळाला न शिवता लांबूनच बघत राहिल्या.

"गेल्याचा हात डबीवर ठेवू नाही, बाई," त्या म्हणाल्या. "ते काजळ दुसऱ्यांच्या लेकरांच्या डोळ्यात जाते."

कुंदाला राग आला आणि राग आल्याचीच लाज वाटली. अक्कांनी मुक्ताला मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं शेवटचे दोन दिवस. बाळाचा हात द्यावा, तर ह्याचंही तसंच झालं म्हणजे? हे वाक्य तिनं मनातसुद्धा पुरं केलं नाही. उठली, बाळाची मूठ उघडून झबल्याच्या बाहीत सरकवली आणि वरून बंद बांधला.

पितांबरचं मत पडलं, की कोर्टकचेरी करण्याआधी एकदा रुपचंदला तोंडावर विचारावं. मी येते, कुंदा म्हणाली. दूधपितं लेकरू घेऊन एवढ्या उन्हात कशाला, यावर अक्का आणि पितांबर पहिल्यांदाच एका बाजूला झाले. पण ती गेली. एरंडोल, पारोळा करत एस.टी. दुपारी धुळ्याला पोचली तेव्हा तिघांच्याही अंगावर धूळ बसली होती. उतरताच तिनं बाळाच्या नाकपुड्या पदराच्या ओल्या टोकानं पुसल्या आणि श्वास नीट येतोय का ते आपल्या गालाशी धरून बघितलं.

पितांबरनं वाटेत भांडणाची वाक्यं जुळवून ठेवली होती. ती रुपचंदनं बोलूच दिली नाहीत. त्यानं गल्ल्यावरून उडी मारल्यासारखं उठून पाणी मागवलं, पंखा हलवायला माणूस बसवला, कुंदाला आत घरात बस म्हणाला, ती बसेना तेव्हा दुकानातच सतरंजी घातली. मोठ्या तोंडाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. जळगावला यायचा तेव्हा मुक्ताला खांद्यावर घेऊन गल्लीभर फिरवायचा.

पितांबरनं डबी समोर ठेवली. हे काय आहे, म्हणून विचारलं.

रुपचंद गोंधळला. त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. डब्या एस.टी.च्या टपावर भिजतात, लेबलं निघतात, म्हणून मागच्या वर्षी पितांबरनंच त्याला जस्ताचा एक ठसा करून दिला होता, लेबलं इथेच छापून घे म्हणून. कागद केला नव्हता. करायचं कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

"माल बंद पडना," तो म्हणाला. "बाया रोज इचारेत. मंग मी घरच काजळ पाडं. डबी तीच, हात तोच. तुम्हना माल येवाले लागना का मी बंद करी टाकसू, हाई मनमां व्हतं भाऊ." मग आवाज उतरवून म्हणाला, "कार्डमां तुम्ही कारण लिखं नही. माले वाटनं तुम्ही मन्हावर नाराज शेतस."

पितांबरनं डबी मागे ओढून घेतली. त्याचं सगळं भांडण संपलं होतं.

"मुक्ता कशी शे?" रुपचंदनं विचारलं. "बठ्ठा गावले नाचाडत व्हई आते." सगळं गाव नाचवत असेल, असं त्यानं धरलं होतं.

पितांबरनं मान वळवली आणि रस्त्याकडे बघू लागला. रुपचंदला वाटलं, राग अजून गेला नाही. तो उठला, आतून कपाट उघडून कापडात गुंडाळलेला ठसा घेऊन आला आणि पितांबरच्या नव्हे, कुंदाच्या हातात दिला. घ्या वहिनी, म्हणाला, आजपासून मी छापणार नाही, उरलेली लेबलंही घेऊन जा.

एवढं सोपं होतं ते. कुंदानं कापड उलगडलं नाही. वरूनच बोटांना जस्ताची कड लागली. तिच्या डोक्यात एकच गोष्ट आली, की आता हा हात जगात दुसरीकडे कुठेच नाही. घरचा ठसा आणि हा, दोन्ही आपल्याजवळ. मुंबईला लिहायचं, अर्ज मागे घेतला. अक्का म्हणतात तसं डबीवर दुसरं काहीतरी छापायचं, पणती, फूल, काहीही. आणि हे दोन ठसे तिच्या लुगड्यांच्या तळाशी. तिनं पिशवीत ठसा ठेवला. कितीतरी महिन्यांनी तिचे खांदे सैल पडले.

तेवढ्यात दुकानात एक बाई आली. साक्रीच्या डोंगराकडची, उन्हानं रापलेली, झोळीत वर्षाचं मूल. रुपचंदनं तिला नावानं हाक मारली, ये तानुबाई म्हणाला. तिला काजळच हवं होतं. डबी हातात आल्यावर तिनं पैसे काढायच्या आधी झोळीतून मुलाचा उजवा हात बाहेर ओढला, बोटं सरळ केली आणि लेबलावर ठेवून पाहिला. थोडी उणीच होती बोटं. तिनं जीभ टाळूला लावून चक् केलं.

हे काय करते, म्हणून कुंदानं रुपचंदला विचारलं. तो कौतुकानं सांगू लागला. साक्रीकडच्या बाया असंच करतात. कोणी सुरू केलं ठाऊक नाही. लेकराचा हात ह्या हाताएवढा झाला म्हणजे ते वाचलं, धोक्यातून बाहेर पडलं, असं त्यांनी धरलं आहे. कित्येक जणी काजळ संपलं तरी डबी टाकत नाहीत, हात मोजायला ठेवतात. ह्या तानुबाईची आधीची दोन राहिली नाहीत. हे तिसरं. आणि मग त्यानं तानुबाईकडे वळून मोठ्यानं सांगितलं, की ज्या पोरीचा हा हात, तिची आई ही समोर बसली आहे.

तानुबाई कुंदाकडे बघत राहिली. देवळात पहिल्यांदा आल्यासारखी. मग जवळ येऊन उकिडवी बसली. कुंदाच्या मांडीवरच्या बाळाकडे तिचं लक्षही नव्हतं.

"मोठी हुई ना वं बाई, ती पोर?" तिनं विचारलं.

रस्त्यावरून बैलगाडी जात होती. पितांबरची पाठ तिला दिसत होती, आणि त्या पाठीवरून कळत होतं की त्यानं ऐकलं आहे.

"हो," कुंदा म्हणाली. "मोठी झाली. यंदा शाळेत घालायची."

तानुबाईनं दोन्ही हातांनी कुंदाच्या चेहऱ्यावरून बोटं फिरवून आपल्या कानशिलावर कडाकडा मोडली. पैसे दिले आणि गेली.

परतीच्या एस.टी.त पारोळा आलं. बाळ झोपलं होतं. मग पितांबर म्हणाला, की ठसा मिळाला, काम झालं. रुपचंद शब्दाचा माणूस आहे. तुला नको असेल तर तो हात सोडून देऊ. अक्कांना वाटतं तसं बाळाचा घेऊ, नाहीतर चित्रबित्र काहीतरी काढू. नानांना मी सांगतो.

"नाही," ती म्हणाली. "तिसराच."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिला नीट सांगता येईना. पुढच्या बाजारात डबीवर फूल दिसलं तर ती बाई विचारेल, हात कुठे गेला. कोणीतरी सांगेल. तिच्या लेकराची बोटं अजून उणी आहेत. एवढंच ती म्हणाली, आणि तेही अर्धं इंजिनाच्या आवाजात गेलं. पितांबरला किती ऐकू आलं कोण जाणे. त्यानं खिडकीची काच वर ओढली, वारा बाळावर येत होता म्हणून.

नानांनी उत्तराचा मसुदा सांगितला, कुंदानं लिहिला. चिन्ह म्हणजे सन पंचावन्नच्या लेबलावरचा ठसा; पुढे तोच एक वापरला जाईल. मग नाना म्हणाले, आणखी एक कागद आधीच जोडलेला बरा. चिन्हात कोणा खऱ्या माणसाची खूण असली तर कचेरी संमती मागू शकते. माणूस हयात असेल तर त्याची, अज्ञान असेल तर पालकाची. आणि नुकतंच वारलेलं असेल तर वारसाची.

"ते मी लिहितो," नाना म्हणाले. "तू सही कर फक्त."

मीच लिहिते, ती म्हणाली.

मजकूर चार ओळींचा होता. मी, खाली सही करणारी, अमुकची आई. नाव लिहिताना हात अडला नाही. पण इंग्रजीत गेलेल्याच्या नावाआधी जो एक लहानसा शब्द लावतात, तो लावायचा होता. तो तिनं शेकडो वेळा वाचला होता, पत्रांत, पुस्तकांत, राजेरजवाड्यांच्या नावांआधी. मुक्ताच्या नावाआधी तो आजवर कोणी लिहिला नव्हता. मराठीतही नाही, घरात नुसतं "ती" म्हणायचे. आठ दिवसांपूर्वी तिनं धुळ्याच्या दुकानात मुक्ताला शाळेत घातलं होतं. आता तो शब्द लिहिला, टीपकागद दाबला, आणि कागद नानांकडे सरकवला. माझ्या मुलीच्या हाताचा ठसा व्यापारी चिन्ह म्हणून नोंदवायला माझी हरकत नाही, असा त्याचा अर्थ होता.

त्या आखाजीला अक्कांनी हातासाठी ताट मांडलं नाही. पितरांची घागर भरली, सांजोऱ्या केल्या, आणि दुपारी बाळाला घेऊन शेजारच्या झोक्यावर जाऊन बसल्या. काजळ पाडायचं मात्र त्यांनी थांबवलं नाही. आधीपेक्षा जास्त घोटत. एकदाच म्हणाल्या, पोरांच्या डोळ्यात जायचंच आहे तर निदान चांगलं जाऊ दे.

मुंबईचं काम मुंबईच्या चालीनं चाललं. पुढच्या साली, माघ संपता संपता, नानांकडे जर्नलचा अंक आला. त्यांनी पान दुमडून ठेवलं होतं. चहाच्या पेटीचा हत्ती, कुठल्याशा तेलाचा सूर्य, शिलाई दोऱ्याची दोन हरणं, आणि त्यांच्यामध्ये टपालाच्या तिकिटाएवढा मुक्ताचा हात. करंगळीचं टोक नव्हतं. अंगठ्याखालचं फरफटणंही छापलं गेलं होतं, जसंच्या तसं. खाली क्रमांक, अर्जदाराचं नाव, माल: काजळ.

"आता चार महिने," नाना म्हणाले. "रुपचंद काही करायचा नाही. दुसरंही कोणी दिसत नाही मला. निर्धास्त राहा."

"कोणीही घेऊ शकतं ना हरकत?" तिनं विचारलं.

"कोणीही. कलकत्त्याचा माणूससुद्धा."

"आणि घरातलं?"

नाना हसले. अर्जदाराच्या घरच्यांनीच हरकत घेतल्याचं मी तरी ऐकलं नाही सूनबाई, म्हणाले.

ते चार महिने कुंदा टपालाची वाट बघत राहिली. पोस्टमन आळीत शिरला की ती हातातलं काम ठेवून ओट्यावर यायची. पितांबरला वाटायचं, हिला नोंदीची काळजी लागली आहे, आणि तो धीर द्यायचा, की काही अडचण येणार नाही. ती मान हलवायची. रोज तिला वाटायचं, आज येईल. एवढ्या मोठ्या देशात, एवढ्या लोकांच्या हातात ते पुस्तक जातं. त्यांतलं कोणीतरी एक जण ते पान उघडेल, त्या इवल्या हाताकडे बघेल आणि बसून लिहील, की हे विकायचं नाही. हा हात विकायला काढण्याचा हक्क कोणालाच नाही, आईलाही नाही. मग तिला तानुबाईलाही उत्तर द्यावं लागणार नाही आणि अक्कांनाही. सरकारनंच नाही म्हटलं म्हणून सांगता येईल.

रुपचंदकडून माल मागवणारी कार्डं यायची. तिच्या माहेरची पत्रं यायची. एकदा चुकून दुसऱ्याच कुंदाबाईचं पाकीट आलं.

मुदत संपली तो दिवस ज्येष्ठातला, घामाचा होता. कुंदा पडवीत बसून डब्यांवर लेबलं लावत होती, धुळ्याची पेटी संध्याकाळच्या गाडीनं जायची होती. बाळ आता भिंत धरून चालत होतं. पोस्टमन आला, शेजारच्या दारी थांबला, बोलला, आणि त्यांच्या ओट्यावर नजरही न टाकता पुढे निघून गेला. ती कोपऱ्यावर तो वळेपर्यंत उभी राहिली. मग आत आली आणि राहिलेली लेबलं खळीच्या वाटीत बोट बुडवून एकेक चिकटवू लागली. कोणाचीच हरकत नव्हती.